सरांचा बांध आणि माझा तिसरा रकाना

माझा फोटो शेंगोळ्यांच्या रश्श्यात पडला, आणि तो तिथे मीच ढकलला होता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे सरांची टिंगल करायला मी मोकळी.

मी तेव्हा अवघी एकसष्ट वर्षांची पोर होते. अंगात रग होती, गुडघे दोन्ही स्वतःचे होते, आणि गणिताची बाई म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यामुळे जगातली कुठलीही बेरीज आपल्याला येते असा ठाम गैरसमज होता. देवळालीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात मी वेब पेज करायला शिकत होते. माझं पान तीन रकान्यांचं. डावीकडे पदार्थांची यादी, मधे पाककृती, आणि उजवीकडे एक चिंचोळा रकाना, ज्याला साईडबार म्हणतात. त्यात माझा फोटो आणि माझ्याविषयी चार ओळी. चार कसल्या, चौदा होत्या. तर हा तिसरा रकाना काही केल्या उजवीकडे उभा राहीना. मधली पाककृती संपली की तिच्याखाली, पानाच्या पार तळाशी, मानपान चुकलेल्या व्याह्यासारखा जाऊन बसायचा.

मी विचार केला, खाली पडलाय ना, मग वर ढकलू. रकान्याच्या डोक्यावर किती जागा सोडायची हे सांगायची एक सोय असते. तिथे मी लिहिलं, उणे सहाशे. तीस वर्षं पोरांना उणे संख्या शिकवल्या, पण त्यांचा घरगुती उपयोग पहिल्यांदाच झाला. रकाना टुणकन वर आला आणि बाकीच्या दोघांच्या शेजारी शहाण्यासारखा उभा राहिला. मी क्लासात पेढे वाटले. स्वतःच्या हुशारीचे पेढे स्वतःच आणून वाटणारी बाई मी.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन.

"आई, पान उघडलं तुझं मोबाईलवर. पातेल्यात तू काय करतेयस?"

क्लासातल्या रुंद स्क्रीनवर ते सहाशे बरोबर बसलं होतं. मोबाईलच्या चिंचोळ्या स्क्रीनवर मधला मजकूर वितळलेल्या मेणबत्तीसारखा लांबत गेला, तळ कुठच्या कुठे गेला, आणि तिथून सहाशे वर ढकललेला माझा फोटो नेमका हुलग्याच्या शेंगोळ्यांवर जाऊन बसला. फोटो चाळिशीतला निवडला होता मी. रश्श्यात पडले ती निदान तरुण पडले.

हसून सोडून दिलं असतं. पण त्या पानावर माझं घर पणाला लागलं होतं.

हे गेल्यावर मी देवळालीच्या घरात एकटी. मुलाचं म्हणणं, घर विकायचं आणि मी पुण्याला त्याच्या फ्लॅटमध्ये यायचं. "तिथे बसून करतेस काय तू?" हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. मी सांगितलं, मी शिकतेय, मला काम आहे, आमच्या भागातल्या पदार्थांचं पान करतेय. तो म्हणाला, "ठीक. तुझं पान तू एकटीने पुरं केलंस आणि माझ्या मोबाईलवर नीट दिसलं, तर घराचा विषय बंद. नाहीतर सामान बांधायचं." मी फोनवर मोठ्या ऐटीत म्हणाले, "मान्य!" आणि आता मी पातेल्यात होते. मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक घेऊनच येतो, तोवर काय करायचं ते कर.

आता सरांकडे वळते.

सरांचा क्लास खतं-बियाणांच्या दुकानावर होता. दुकान त्यांच्या थोरल्या भावाचं. वाटणीत थोरल्याला खालचा मजला आला, धाकट्याला म्हणजे सरांना वरचा. दोघांत बोलणं नव्हतं. कारण शेतातला बांध, पण ते पुढे येईल. सर भावाला 'खालचे' म्हणत आणि भाऊ सरांना 'वरचे'. निरोप गिऱ्हाइकांमार्फत चालत. युरियाला आलेला माणूस धापा टाकत वर यायचा आणि सांगायचा, "खालचे म्हनत्यात, तुमची पोरं जिन्यात लई धडधड करत्यात." सर त्यालाच परत पाठवायचे, "खालच्यांना म्हनावं, जिन्यातली पोती उचला, मग धडधड व्हनार न्हाई." पोती कधीच उचलली गेली नाहीत. आम्ही कॉम्प्युटर शिकायला खताच्या पोत्यांवरून चढत जायचो. पहिल्या दिवशी मी पोत्यावर बसून दम घेतला आणि घरी आल्यावर इस्त्रीच्या साडीवर एका कंपनीचं नाव उलटं उमटलेलं सापडलं.

सर पंचेचाळिशीचे, उंच, किडकिडीत. शर्टाच्या खिशात पेन नाही, मोबाईल नाही, तर पोत्याच्या तोंडाची उसवलेली सुतळी. कुणी "सर, झालं" म्हणालं की ती काढायची, दोन्ही हातांत ताणून स्क्रीनवर आडवी धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं. गवंडी भिंत बघतो तसं. मग म्हणायचं, "डावीकडनं झुकलंय." या माणसाच्या क्लासची स्वतःची पाटी एका खिळ्यावर लोंबत होती. इतकी तिरकी की वाचताना मान दुखे.

दुसऱ्याच्या कीबोर्डला ते हात लावत नसत. "दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावनं म्हंजी दुसऱ्याच्या ताटात हात घालनं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पकडून उभे राहत, जणू सुटला तर तो हात आमच्या ताटात शिरेल. चूक दाखवायची तर हनुवटीने. हनुवटी टोकदार होती, पण स्क्रीनवरचा स्वल्पविराम दाखवण्याइतकी काही नव्हती. "हितं." "कुठे सर?" "हितं वो बाई, माझी हनुवटी बगा की." मी हनुवटी बघायची, ते स्क्रीन बघायचे, आणि पूर्ण तास असा जायचा.

आणखी एक. 'आपोआप' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. "सर, आपोआप हललं," असं एखादी पोरगी म्हणाली की सरांचे कान लाल. "आपोआप फकस्त गवत येतं. बाकी समदं कुनीतरी केलेलं असतं. कुनी केलं त्ये सांग." पोरगी बिचारी रडवेली होऊन सांगायची, "मीच केलं असंल, सर."

पण सरांचा खरा छंद म्हणजे बांध. पान सुरू केलं की पहिलं काम, प्रत्येक रकान्याभोवती जाड रंगीत रेघ. एकाला लाल, एकाला हिरवी, एकाला निळी. "आधी बांध घाला. कुनाची हद्द कुठं, ते दिसलं पायजे." क्लासभर नुसत्या चौकटी, जत्रेतल्या पाळण्यांसारख्या. आणि गंमत ही, की बांध घातला रे घातला की प्रत्येकाचा तिसरा रकाना पडायचाच. हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी तो सापळाच लावलेला असायचा. रकाना पडला की ते खिडकीशी जाऊन बाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत उभे राहत. वळत नसत. कारण सांगत नसत. दुसऱ्या क्लासात पोरं पास होतात, या क्लासात ती आधी पडत. काही पोरं इतकी पडली की परत चढलीच नाहीत. पोती ओलांडायचा कंटाळा आला असंही असेल.

पातेल्याचा फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे उभी राहिले. घराचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही फक्त दोन मिनिटं बसा आणि नीट करून द्या. माझ्या मुलाला कळणार नाही."

त्यांनी हात मागे घट्ट धरले. "न्हाई."

"माझं घर जाईल हो!"

"त्ये कळलं. न्हाई."

"मग निदान चूक तरी सांगा!"

"उने सहाशे कुनी लिवलं?"

"मी."

"का?"

"वर येईना म्हणून."

"म्हंजी म्हातारं मानूस पायरीवरनं पडलं तर तुमी त्येला बखोटीला धरून हवेत लटकवून ठेवनार. का पडलं त्ये बगनार न्हाई."

संताप आला. मी फळ्यावर गेले आणि तीस वर्षांच्या सवयीने खडू घेऊन मोठ्या अक्षरात बेरीज मांडली. डावा रकाना पानाच्या शंभरातले वीस. मधला साठ. उजवा वीस. एकूण शंभर. "दाखवा यात चूक! वीस, साठ, वीस. पान शंभर. तिघं मावलेच पाहिजेत!"

सरांनी फळ्यावरची बेरीज वाचली आणि म्हणाले, "बेरीज बराबर हाय. बाई, तुमाला शेत हाय का?"

"नाही. आमच्या घराण्यात कुंडीतल्या तुळशीपलीकडे कुणी काही पिकवलं नाही."

"म्हनूनच. बसा गाडीवर."

आणि मी बसले. एकसष्टाव्या वर्षी, परपुरुषाच्या मोटरसायकलवर, एका बाजूला पाय सोडून, मागचा लोखंडी दांडा धरून, भर दुपारी, गावातून. त्या दिवशी देवळालीत जेवढ्या खिडक्या उघडल्या तेवढ्या दिवाळीच्या सफाईलाही उघडत नसतील. सर कालव्याच्या कडेने असे चालवत होते की गाडीसुद्धा हात मागे बांधून चाललीय असं वाटावं. उसाची एक ट्रॉली आम्हाला मागे टाकून गेली. बैलगाडीनेही टाकलं असतं, पण ती लाजून मागे राहिली.

शेतात दोन तुकडे, दोन्हीकडे ऊस, आणि मधे गवताने माजलेला एक बांध. चांगला रुंद. सर त्याच्यावर उभे राहिले, हात मागेच. स्वतःच्या शेतातही.

"ह्यो माझा वाटा. त्यो खालच्यांचा. कागदावर निम्मं-निम्मं. आता मोजलं तर माझं कमी भरतं. का? खालच्यांनी खाल्लं."

"आणि त्यांचं मोजलं तर?"

"त्यांचंबी कमीच भरतं. त्ये म्हनत्यात मी खाल्लं."

"मोजणी झाली का कधी?"

"दोनदा. दोनी येळेला दोघांचं कमी."

मी बांधाकडे बघितलं. मग सरांकडे. मग माझ्या डोक्यात फळ्यावरची बेरीज उलगडली आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की उसातून दोन बगळे उडाले.

"अहो सर! निम्मं आणि निम्मं मिळून पुरं शेत झालं. मग तुम्ही दोघं उभे राहून भांडता तो बांध ठेवलाय कुठे? आकाशात? तुम्ही दोघांनी तो हिशेबात धरलेलाच नाही!" आणि हे वाक्य संपायच्या आत माझाच आवाज बसला. कारण मीही धरलेला नव्हता. वीस, साठ, वीस मिळून शंभर. आणि तीन रकान्यांच्या लाल, हिरव्या, निळ्या बांधांना जागा? शंभराच्या बाहेर. मग तिसऱ्याने जायचं कुठे? तळाशी.

सरांच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "हां. आता आला तुमचा रकाना जाग्यावर. ज्याचा बांध त्यानं आपल्या वाट्यात धरायचा. एवढी एक ओळ हाय. उद्या लिवा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कधी बसलेय? समोरून खालचे आले होते, टॉवेल डोक्याला, हातात खुरपं. "काय वो बाई, वरच्यांनी मोजनीला तुमाला आनलं का काय?"

"मोजणी नको, आणि भांडणही नको," मी म्हणाले. "तुमचं त्यांनी खाल्लं नाही, त्यांचं तुम्ही खाल्लं नाही. दोघांचं या गवताने खाल्लंय. सरांनी आत्ताच सांगितलं, ज्याचा बांध त्याने आपल्या वाट्यात धरायचा. निम्मा तुम्ही धरा, निम्मा ते धरतील. मिटलं! उद्या जिन्यातली पोती उचला."

सर खालच्यांकडे बघू लागले, खालचे सरांकडे. कित्येक वर्षांनी दोघं भाऊ एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते, आणि मला खरंच वाटलं, आपण फार मोठं काम केलं. मग दोघांचं एकमत झालं.

"बाईंना शेतीतलं काय कळत न्हाई," खालचे म्हणाले.

"काय बी न्हाई," सर म्हणाले.

"ह्यांना घरी सोड जा," खालचे सरांना म्हणाले. मधे गिऱ्हाईक न घालता त्यांनी भावाला सांगितलेलं मी ऐकलं ते एवढंच.

पोती अजून तिथेच आहेत. परवाच जाऊन बघितली. स्क्रीनवरचा बांध कुणाच्या वाट्यात धरायचा हे पोरींना रडवून-रडवून शिकवणारा माणूस शेतात एका गवताच्या पट्ट्यासाठी सख्ख्या भावाचं तोंड बघत नाही, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्ये येगळं. कॉम्प्युटरला भाऊ नसतो."

असो. दुसऱ्या दिवशी मी उणे सहाशे खोडलं आणि ती एक ओळ लिहिली. तिसरा रकाना तळातून उठला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. मी ओरडले, "आला! आपोआप आला!" आणि पुढची पंधरा मिनिटं 'आपोआप' या शब्दावर भाषण ऐकलं.

पण मोबाईलचं राहिलंच होतं. एवढ्याशा पडद्यावर तिघं शेजारी-शेजारी म्हणजे एका खाटेवर तीन जावा. सरांनी तेही हनुवटीने समजावलं. "मोबाईल म्हंजी पायवाट. पायवाटेवर तिघांनी खांद्याला खांदा लावून चालायचं न्हाई. एकामागं एक. आधी यादी, मंग पाककृती, मंग तुमचा फोटू." त्यासाठीच्या ओळी मी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. माझा फोटो सर्वांत शेवटी जाणार याचं जरा वाईट वाटलं, पण पातेल्यापेक्षा बरं.

ठरल्याप्रमाणे मुलगा आला. बरोबर गिऱ्हाईक, पायजम्यातले एक सज्जन गृहस्थ, ज्यांनी येताक्षणी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक करून बघितलं. मी त्यांना चहा दिला, पण बिस्किटं नाही दिली.

मुलाने माझ्यासमोर मोबाईल काढला, पान उघडलं, बोटाने खाली-खाली सरकवत गेला. यादी आली. शेंगोळे आले, त्यात मी नव्हते. आणि अगदी तळाला माझा फोटो.

"आई," तो दयेने म्हणाला, "अगं, तो कॉलम अजून खालीच पडलाय."

"पडलेला नाही," मी म्हणाले. "बसलेला आहे."

"म्हणजे?"

"मोबाईल आडवा कर."

त्याने केला. तिन्ही रकाने झपकन शेजारी-शेजारी झाले. यादी डावीकडे, मधे शेंगोळे, उजवीकडे मी. त्याने उभा केला. मी खाली जाऊन बसले. आडवा केला. मी उठले. उभा. बसले. गिऱ्हाईक चहाची बशी हातात धरून त्याच्या खांद्यावरून बघायला लागलं. "आमच्या सौ.ला पाठवता येईल का हो हे?" त्यांनी विचारलं. "शेंगोळे तिला जमत नाहीत."

मुलाने मोबाईल खिशात घातला. तो शब्दाचा पक्का आहे, माझ्यावर गेलाय. "विषय बंद," म्हणाला. गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि दोघं संध्याकाळच्या आत पुण्याला गेले.

मी तशीच उठले, साडीसुद्धा बदलली नाही, पोती ओलांडत वर गेले. क्लास सुटला होता. सर एकटेच बसून कुठलंतरी पान बघत होते. मी सगळं रंगवून सांगितलं. मोबाईल आडवा, मोबाईल उभा, गिऱ्हाइकाची बशी, सगळं. शेवटी म्हणाले, "सर, घर जिंकलं मी! तुमच्या एका ओळीने घर राहिलं माझं!"

वाटलं, आता तरी हा माणूस 'वा' म्हणेल. सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"घराचा उतारा कुनाच्या नावाचा हाय, बाई?"

"माझ्याच. ह्यांनी पहिल्यापासून माझ्या नावावर केलं होतं."

"मंग त्ये इकायचं का न्हाई, ह्ये ठरवायला पोराचा मोबाईल कशाला लागला तुमाला?"